चाळीस पोरं, दोन दिवस, राजमाची: उधेवाडीतल्या घरगुती सोयीचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार टॉयलेटमुळे कापलाय, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

हा रिव्ह्यू राजमाची किल्ल्यावरच्या उधेवाडी गावात घरगुती राहण्या-जेवणाची जी सोय होते तिचा आहे, आणि मी तो कॉलेजच्या हायकिंग क्लबच्या ट्रिपा ठरवणारी म्हणून लिहितेय. दोघं-चौघं मित्र जाऊन राहून आले आणि जेवण मस्त, व्ह्यू मस्त, असे रिव्ह्यू भरपूर सापडतात. पण तीस-चाळीस पोरं, त्यातली निम्मी पहिल्यांदाच डोंगर चढणारी, प्रत्येकाच्या घरून फोन, कॉलेजची परवानगी, संमतीपत्रं, आणि एवढं सगळं करून दोन दिवसांचा खर्च माणशी हजार-बाराशेत बसवायचाय, अशा हिशोबाने कुणी लिहिलेलं मला तरी कुठे मिळालं नाही. एका घराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गावात बऱ्याच घरांत ही सोय होते, मोठा ग्रुप असला की दोन-तीन घरं मिळून वाटून घेतात, आणि आम्हाला वेगवेगळ्या घरांत थोड्याफार फरकाने सारखाच अनुभव आलाय.

राजमाचीच का, तर मुंबईच्या क्लबला ह्या किल्ल्यासारखा सोयीचा दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजूंना रेल्वे आहे, वर लोणावळा, खाली कर्जत. म्हणजे लोणावळ्याहून चालत जायचं, गावात मुक्काम करायचा, दोन्ही बालेकिल्ले बघायचे आणि दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांच्या बाजूने खाली उतरून कर्जतला ट्रेन पकडायची. बस केली की हे जमतच नाही, बस जिथे उभी तिथेच परत यावं लागतं, वर चाळीस सीटची बस म्हटलं की निम्मं बजेट तिथेच जातं आणि रविवारी संध्याकाळी एक्सप्रेसवेवर अडकलात की पालकांचे फोन सुरू. ट्रेनचा खर्च त्यामानाने काहीच नाही. सीएसएमटीहून पहाटे ५.४० ची इंद्रायणी धरायची, पोरं दादर-ठाण्याला आपापल्या सोयीने चढतात. फक्त एक लक्षात ठेवा, एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे चाळीस जणांची सात तिकिटं काढावी लागतात, आणि बुकिंग साठ दिवस आधी उघडतं तेव्हाच काढली तर सगळे एका डब्यात येतात. तारीख ठरली की पहिलं काम हे, पोस्टर नंतर करा.

लोणावळा स्टेशनहून तुंगार्लीच्या बाजूने निघालं की गावापर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर चाल आहे. वाट बहुतेक सपाट, मध्येमध्ये चढउतार, उन्हाळ्या-हिवाळ्यात जीपही जाते असा कच्चा रस्ता. जुने ट्रेकर ह्या वाटेला कंटाळवाणी म्हणतात पण नवीन पोरांसाठी मला हीच आवडते. चार-पाच तास चालताना कोण दमतंय, कोण पाणी पीत नाहीये, कोणाच्या बुटाचा सोल सुटायला आलाय, कोण सतत पुढे पळतंय, हे सगळं सपाटीवर कळतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या उतारासाठी लीडला कोण, मध्ये कोण, शेवटी कोण हे नीट ठरवता येतं. वाटेत वळवंड-ढाककडे जाणारा फाटा लागतो तिथे मात्र एक वॉलंटिअर उभा करून ठेवायचाच, शेवटचा माणूस जाईपर्यंत त्याने हलायचं नाही.

आता मुख्य सोयीकडे येते.

जेवण. ह्याच्यावर मी कितीही लिहू शकते. तुम्ही फोन केलात की काकू पहिला प्रश्न विचारतात तो "किती जण?" आणि दुसरा "कितीला पोचाल?" हे दोन प्रश्न त्या किती गंभीरपणे विचारतात ते मला त्यांच्या चुलीपाशी बसल्यावर कळलं. चाळीस जणांना दुपारच्या जेवणाला तांदळाची भाकरी द्यायची म्हणजे माणशी दोन-अडीच धरल्या तरी शंभराच्या आसपास भाकऱ्या होतात. उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, एकीने थापायच्या, दुसरीने तव्यावर टाकायच्या आणि पाणी फिरवायचं, मग तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी करायची, फुगली की टोपलीत कापडाखाली. चुली दोन. तीन बायका आळीपाळीने बसतात आणि दहा-सव्वादहाला सुरुवात केली तर एकपर्यंत टोपली भरते. आधी करून ठेवल्या तर भाकरी चामट होते, उशिरा केल्या तर पोरं उपाशी बसतात, म्हणून वाटेत नेटवर्क मिळेल तिथून एक फोन करा, अर्धा तास इकडेतिकडे होणार असेल तरी सांगा. आम्ही सांगितलं की त्या मळणं पुढे ढकलायच्या आणि आम्ही पोचलो की पानात गरमच भाकरी पडायची.

सोबत पिठलं किंवा मटकीची उसळ, डाळ, भात, लोणचं, पापड, कांदा, आणि ठेचा. ठेचा वेगळ्या वाटीत मागा, कारण शहरातली निम्मी पोरं पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी काढतात. रात्री चिकन हवं तर आधी सांगावं लागतं, पण माझं ऐकाल तर मोठ्या ग्रुपला शाकाहारीच ठेवा. एकतर खर्च, दुसरं म्हणजे कोणाला श्रावण, कोणाला शनिवार, कोणी जैन, असं मुंबईच्या कॉलेजात असतंच, आणि एकाच पंगतीत सगळे बसले की जी मजा येते ती दोन पंगतींत नाही. जैन जेवणाचं त्यांनी सांगितल्याप्रमाणे वेगळं केलं, कांदा-लसूण न घालता डाळ आणि बाजूच्या पातेल्यात उसळ, तेही कपाळाला आठी न घालता. वाढताना कमी पडलं असं कधीच झालं नाही. भात परत परत विचारतात, आणि "ताई, तुमची ती निळ्या शर्टातली मुलगी जेवली नाही नीट" हे मला काकूंनी येऊन सांगितलंय. ती मुलगी खरंच डिहायड्रेट झाली होती, तिला ओआरएस दिलं, दुपारी झोपवलं, संध्याकाळी बरी झाली. चाळीस पानं वाढताना एवढं बघणारी माणसं तुम्हाला कुठल्या पॅकेजमध्ये मिळणार सांगा.

दर घराघरात थोडा वेगळा आहे आणि दरवर्षी थोडा वाढतो, त्यामुळे आकडा फोनवरच विचारा, साधारण शाकाहारी जेवण माणशी दीडशे-दोनशेच्या घरात धरा, नाश्ता-चहा वेगळा. भाव करू नका. मनापासून सांगते, पीठ, तेल, गॅस सिलिंडर, पोरांनी रिकामी केलेली ती बिसलेरीची खोकी, सगळं लोणावळ्याहून जीपने वर येतं आणि पावसाळ्यात तो रस्ता अगदीच वाईट होतो. वीस रुपये कमी करून घेऊन कॉलेजचा क्लब काहीच कमवत नाही.

माणसं ऐनवेळी कमी-जास्त होण्याचं काय, हा प्रत्येक ऑर्गनायझरचा खरा प्रश्न असतो. पंचेचाळीस नावं येतात, बुधवारी कोणाची सबमिशन निघते, शुक्रवारी कोणाच्या घरी पाहुणे येतात आणि शनिवारी पहाटे दादरला अडतीस जण उभे असतात. उधेवाडीत ह्याबाबतीत फार समजूतदारपणे घेतात, पण म्हणून गैरफायदा घेऊ नये. आमची पद्धत अशी आहे की गुरुवारी रात्री फायनल आकडा द्यायचा, त्या आकड्याचे अर्धे पैसे तेव्हाच ऑनलाइन पाठवायचे, आणि नंतर कितीही गळाले तरी त्या आकड्याचेच पूर्ण पैसे द्यायचे. जे ऐनवेळी येत नाहीत त्यांना जेवणाचे पैसे परत मिळणार नाहीत हे फॉर्मवर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं. एकदा आम्ही कमी गेलो तेव्हा दादांनी स्वतःहून चार-पाच जणांचे पैसे परत घ्या म्हणून आग्रह केला, आम्ही घेतले नाहीत, तर निघताना करवंदाच्या लोणच्याची बरणी हातात दिली.

राहणं. घरं साधी आहेत, पुढे पडवी, आत माजघर, कुठे सारवलेली जमीन तर कुठे फरशी. चटया आणि गोधड्या मिळतात पण चाळीस जणांना पुरतील एवढ्या एका घरात नसतात, त्यामुळे स्लीपिंग बॅग किंवा निदान एक चादर प्रत्येकाने आणायची. मुली आत, मुलगे पडवीत किंवा शेजारच्या घरी, अशी विभागणी ते स्वतःच सुचवतात, आणि घरातली एखादी आजी किंवा काकू मुलींच्या खोलीतच झोपते. मी स्वतः मुलगी आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलींच्या आयांशी तासन्‌तास फोनवर बोललेली आहे, त्यामुळे सांगते की ह्या एका वाक्याने जेवढ्या परवानग्या मिळतात तेवढ्या कॉलेजच्या लेटरहेडनेही मिळत नाहीत. टेंट लावायची टूम निघालीये हल्ली, गावाबाहेर रंगीबेरंगी टेंटच्या रांगा दिसतात. क्लबसाठी मला त्या नको वाटतात. पोरं पांगतात, रात्री कोण कुठल्या टेंटमध्ये आहे ह्याचा हिशोब राहत नाही, आणि मोठ्याने स्पीकर लावणारा दुसरा ग्रुप शेजारी आला की झोपेचं खोबरं.

आता अर्धा स्टार. टॉयलेट आहेत, दारं आहेत, कड्या आहेत, बहुतेक वेळा स्वच्छही असतात, पण चाळीस जणांना दोन किंवा तीन म्हणजे सकाळी सहा ते आठ नुसती रांग. नाश्ता आठला, गडावर निघायचं साडेआठला, आणि रांगेत बारा जण उभे, असं दर वेळी होतं. पाण्याचाही प्रश्न आहेच. मार्च उलटला की विहिरी खाली जातात आणि गावातल्या बायकांना पाणी लांबून आणावं लागतं, तेव्हा शहरातून गेलेल्या पोरांनी बादल्या ओतत बसणं बघवत नाही. दोन वॉलंटिअर सकाळी पाण्यापाशी उभे करा आणि माणशी एक बादलीच्या वर नाही हा नियम आदल्या रात्रीच सांगा. मुलींसाठी पॅड टाकायला झाकणाचा डबा नसतो, आम्ही कागदी पिशव्या आणि एक मोठी काळी पिशवी बरोबर नेतो आणि ती खाली कर्जतला आणून टाकतो. गावाने मोठ्या ग्रुपच्या भरवशावर अजून दोन-तीन टॉयलेट बांधली तर ही सोय पूर्ण पाच स्टारची होईल, आणि मी हे तिथे बोललेही आहे, त्यांनाही पटतं, पैशाचं आणि पाण्याचं अडतं. वीज रात्री जाऊ शकते, पॉवर बँक आणा. नेटवर्क ठरावीक जागी येतं, पोचल्याचा मेसेज घरी टाकायला पोरांना तिथे पाच-पाच जणांच्या गटात पाठवा.

गाइड. गावातलीच मुलं येतात आणि हे पैसे वाचवायच्या फंदात कृपया पडू नका. दोन्ही बालेकिल्ल्यांच्या वाटा गावातून सरळ आहेत, मधल्या खिंडीत भैरवाचं देऊळ आहे, एका हाताला श्रीवर्धन आणि दुसऱ्या हाताला मनरंजन, चुकण्यासारखं फारसं नाही हे खरंय. पण गाइड लागतो तो वाट दाखवायला कमी आणि थांबवायला जास्त. आमच्याबरोबर आलेला मुलगा जेमतेम वीस-एकविसाचा असेल, श्रीवर्धनच्या चिलखती बुरुजापाशी आमची पोरं फोटोसाठी तटावर चढायला लागली तर त्याने आवाज न चढवता एवढंच सांगितलं की ह्या दगडाखालची माती गेल्या पावसात गेलीये, आणि खाली जाऊन हाताने ती पोकळी दाखवली. सगळे निमूट खाली उतरले. मी दहा वेळा ओरडले असते तरी हे झालं नसतं. त्यालाच विचारून आम्ही दोन गट केले, एक आधी श्रीवर्धन, दुसरा आधी मनरंजन, मग अदलाबदल, म्हणजे देवळाच्या पटांगणात गर्दी झाली नाही आणि प्रत्येक गटात वीसच डोकी मोजायची राहिली.

श्रीवर्धन दोघांत उंच. वर पाण्याची टाकी आहेत, एक मोठी गुहा आहे, आणि हवा मोकळी असेल तर एकीकडे शिरोटा धरणाचं पाणी, ढाकचा डोंगर, दुसरीकडे नागफणी आणि लांब माथेरान-प्रबळ असं सगळं दिसतं. इतिहास सांगायला क्लबमधला एखादा तयार करून न्या, कारण जागेवर उभं राहून बोरघाट खाली दिसत असताना सांगितलं की पोरांना लगेच कळतं हा किल्ला इथेच का. घाटावरून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर नजर ठेवायला ह्याच्यासारखी जागा नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीबरोबर हा भाग घेतला, १७१३ मध्ये शाहू महाराजांनी तो कान्होजी आंग्र्यांना दिला, पुढे १७३० मध्ये तो बाजीरावांकडे आला आणि १८१८ ला इंग्रजांकडे गेला. मधे १७७६ मध्ये पानिपतात गेलेले सदाशिवरावभाऊ मीच म्हणत जो तोतया उभा राहिला होता तोसुद्धा ह्या मुलखापर्यंत येऊन गेलाय, ही गोष्ट रात्री जेवणानंतर सांगायला फार चांगली आहे. संध्याकाळी वेळ उरला तर तळ्याकाठचं गोधनेश्वराचं देऊळ सोडू नका. तळ्यात पोहायला मात्र आमच्या क्लबमध्ये सक्त बंदी आहे, कितीही गयावया केली तरी.

पॅकेजवाल्यांशी तुलना करायलाच हवी कारण दरवर्षी कमिटीत कोणीतरी हा विषय काढतंच. कॉलेजच्या ग्रुपला सोशल मीडियावरून ट्रिप विकणारे खूप आहेत. अशाच एकांबरोबर आम्ही गेलो होतो, नाव लिहीत नाही. पंधरा जणांमागे एक लीडर असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात आमचे आणि आणखी दोन ग्रुप मिळून शंभरच्या वर लोक आणि लीडर तिघं. जेवण ह्याच गावात, ह्याच घरांत, पण आम्ही भरलेल्या पैशांतले गावात नेमके किती पोचले हे विचारलं तर उत्तर मिळालं नाही. चांगले संयोजकही आहेत, नाही असं नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पैसे घेऊन असे उपक्रम करणाऱ्यांना नोंदणी करायची आहे, तर कोणाबरोबर जाणारच असाल तर नोंदणी, विमा आणि फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलेला माणूस, ह्या तीन गोष्टी लेखी मागा. पण क्लबचं कामच मुळात हे आहे ना की मुलांनी स्वतः आखणी करायची, फोन करायचे, पायलट ट्रेक करून यायचं म्हणजे आधी जाऊन वाट बघून यायचं, हेड काउंट घ्यायचा. ते सगळं बाहेर देऊन टाकलं तर क्लब फक्त पैसे गोळा करणारा राहतो. उधेवाडीची सोय मला म्हणूनच जास्त आवडते, राहणं-जेवणं ते सांभाळतात आणि बाकी सगळं तुमच्या हातात राहतं.

कधी जायचं ह्यावर माझं मत जरा कडक आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा सीझन असतो आणि सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. मोठा ग्रुप घेऊन तेव्हा जाऊ नका. काजवे चमकतात ते जोडीदार शोधायला, नर उडत उडत लुकलुकतात आणि मादी प्रतिसाद देते, त्यात आपण चाळीस टॉर्च आणि मोबाइलचे फ्लॅश घेऊन घुसलो की त्यांना एकमेकांचा उजेड दिसणंच बंद होतं. शिवाय त्या शनिवार-रविवारी गावावर एवढा ताण असतो की जेवणाच्या पंगती रात्री अकरापर्यंत चालतात. बघायचेच असतील तर दहा-बारा जण, मधल्या वारी, टॉर्चवर लाल कागद, आणि वाट सोडून झाडीत शिरायचं नाही.

भर पावसात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, लोणावळ्याकडून येऊन तिकडूनच परत जाणं ठीक आहे, पण कोंढाणे लेण्यांकडचा उतार नवीन पोरांना देऊ नका, दगड शेवाळलेले असतात आणि ओढे बघता बघता भरतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. प्रशासन पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतं, कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवरही निघतात, तर निघायच्या आठवड्यात ते तपासा आणि गावातही फोन करून विचारा. काकू सरळ सांगतात, "ह्या आठवड्यात नका आणू पोरांना." स्वतःचा धंदा बुडत असताना असं सांगणाऱ्या माणसावर मी डोळे झाकून विश्वास ठेवते. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही रेस्क्यू करणारी संस्था आहे, त्यांचा नंबर आणि गावातल्या एका जीपवाल्याचा नंबर प्रत्येक लीडरच्या खिशात कागदावर लिहिलेला असू द्या, मोबाइलमध्ये नाही, कागदावर. माझी पसंती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी असतं, हवा स्वच्छ असते आणि गवत अजून पिवळं उभं असतं.

दुसऱ्या दिवशी कांदेपोहे आणि चहा घेऊन गड आणि जेवण आटोपून दुपारी एकच्या आत उतरायला लागायचं. हा उतार खडा आहे, कारवीतून, घसारा भरपूर, गुडघ्यांची परीक्षा असते. आदल्या दिवशी जे मागे पडले होते त्यांना पुढे ठेवायचं, लीडच्या लगेच मागे, म्हणजे त्यांच्या वेगाने सगळा ग्रुप चालतो. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. अंतर ठेवायला लावा, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागतो आणि दगड सुटला की ओरडायचं हे निघण्याआधी सगळ्यांकडून एकदा मोठ्याने म्हणून घ्या.

अर्ध्याहून जास्त उतरलं की कोंढाणे लेणी येतात आणि इथे निदान पाऊण तास ठेवाच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची बौद्ध लेणी, चैत्यगृहाचा खालचा भाग पडलाय पण वरची कमान आणि दगडात हुबेहूब लाकडाचं काम केल्यासारखी नक्षी अजून थक्क करते. तिथे एका मोठ्या, तुटलेल्या मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलीये, तिचा अर्थ असा की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव, असं फार कमी ठिकाणी मिळतं. आमच्यातल्या आर्किटेक्चरच्या पोरांनी तिथून हलायलाच नकार दिला होता. लेण्यांत खायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही, आणि खाली पडलेल्या चिप्सच्या पिशव्या आपल्या नसल्या तरी उचलायच्या, हे आमचे नियम.

खाली कोंदिवड्याला आलं की कर्जतला जायला शेअर रिक्षा, टमटम मिळतात. चाळीस जण एकदम आले तर गाड्या कमी पडतात, तर लेण्यांपाशी असतानाच रिक्षावाल्याला फोन करून ठेवायचा, दोन फेऱ्यांत सगळे जातात. पहिल्या फेरीत एक लीडर आणि शेवटच्या फेरीत एक लीडर, स्टेशनवर परत हेड काउंट. कर्जतहूनच सुटणारी लोकल घ्या, रविवारी संध्याकाळीसुद्धा सगळ्यांना बसायला मिळतं आणि दोन-सव्वादोन तासांत सीएसएमटी. मुली लेडीजमध्ये बसल्या तर प्रत्येकीने उतरल्यावर ग्रुपवर मेसेज टाकायचा, तोपर्यंत को-ऑर्डिनेटरने ट्रिप संपली म्हणायचं नाही.

बुकिंगला फोन दुपारी तीन ते पाचमध्ये करा, सकाळी त्या शेतात किंवा चुलीपाशी असतात आणि रात्री लवकर झोपतात. शनिवारचं हवं असेल तर महिनाभर आधी सांगा, आणि चाळीसच्या वर ग्रुप नेऊ नका, तेवढ्यालाच ही सोय नीट पुरते.